शेजारच्या पेशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कमलला ओळखत नाही.

आमच्या गावात, पाटोद्यात, घरोघर केबल येत होती, तेव्हाची गोष्ट. मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लेझरवर काम करायचे. तो प्रकाश इतक्या झटक्यात विझतो, की उष्णता पसरायला वेळच मिळू नये — नेमकी एक पेशी कापावी, शेजारच्या जिवंत राहाव्यात. मेलेली पेशी निळा रंग शोषते. कापल्यावर लगेच पाहिलं, शेजारच्या सगळ्या स्वच्छ! काय नाचले मी. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर त्याही निळ्या. पुन्हा केलं, तेच. सर म्हणाले, माणसाच्या कातडीचं नावही काढू नका एवढ्यात.

आणि मी गावी गेले. शाळेनं सत्कार ठेवला — शाल, नारळ, माईक. मी ठोकून दिलं, "शेजारच्या पेशीला कळतसुद्धा नाही!" टाळ्या. तेव्हा निळ्या पेशींचं सांगायचं? अंगावर शाल असताना?

कमल माझी चुलत बहीण, माझ्याच वयाची. स्टोव्ह भडकून तिचा एक गाल भाजलेला. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "तुज्या मशिनीनं ह्ये निघंल का गं?"

"निघेल की. थोडं थांब."

का म्हणाले? ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ना — ती मला हवी होती. बस्स, एवढंच.

पुढं तेलगावच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. त्यांनी गाल पाहिला होता, तरी होकार होता. कमलच म्हणाली, मशीन येऊ द्या, मग बघू. काकूंनी एसटीडी बूथवरून मला फोन केला. रडत होत्या. "तू तरी इचार तिला, कावून थांबायलीस म्हणून. तुजं लई ऐकती ती."

मी खरं सांगू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. "तिची मर्जी, काकू," म्हणाले, "आणि मीटर पळतंय तुमचं, ठेवा आता." मीच ठेवायला लावला फोन!

मास्तरांचं लग्न दुसरीकडं झालं. कमल तिथंच राहिली, आधी काकूंजवळ, मग एकटी. मी दिवाळीला जाते, ती माझ्या ताटात तूप वाढते, आणि मला तिच्याकडे नीट बघवत नाही. विचारते दरवेळी. "हाय का गं तुजी मशीन?" होतंय, म्हणते मी.

परवा माझ्या लेकीचं लग्न झालं. फोटोवाल्यानं घरच्या सगळ्यांना बोलावलं. कमलनं गालावर पदर ओढला आणि बाजूला झाली. केस पांढरे झालेत तिचे. "आत्ता न्हाई," म्हणाली, "माजा मागाहून काढा."

मी हसत उभी राहिले, फोटोत.