आंबलेलं धुवण

तांदळाचं धुवण पातेल्यात राहून आज आंबलं. त्या वासानं मला आमची गाडी आठवली. त्या दिवशी समोरच्या काचेवर पाणी उडेना, कारण बायकोनं काच धुवायच्या पाण्याच्या टाकीत धुवणच ओतलेलं! वर मलाच म्हणते, "पाणी वाया घालवू का?"

घाटकोपरला भाचीचं बाळ बघायला ती उतावळी, आणि मरोळच्या धुळीनं समोरचं दिसेना. मी बॉनेटवर वाकून फवाऱ्याच्या तुंबलेल्या भोकात टाचणी घातली. "आतून कळ दाब गं!" तिनं दाबलं. आंबलेली चिळकांडी थेट माझ्या तोंडावर.

"अहो, धुऊन झालं, आता शिजायला ठेवू?" हसून हसून ती स्टेअरिंगवर पडली. तेव्हा माझं डोकं फिरलं. आता वाटतं, आणखी चारदा ती चिळकांडी मारायची होतीस.

बाळ बघून आलो. त्याच रात्री ती झोपेत गेली. सकाळी शववाहिनीच्या ड्रायव्हरवर मी खेकसलो, "एवढी घाण काच? हिला चालत नाही!" आणि सदऱ्याच्या बाहीनं मीच ती पुसली.