सुटे दाणे

आमच्या कँटीनच्या मावशी अर्धं डाळिंब पातेल्यावर उपडं धरून पाठीवर पळी आपटत होत्या. कडेचे दाणे टपाटप पडले, आतले मात्र हलेनात.

मी जळफळत बघत होतो. इतकी वर्षं मीही हेच करतोय. भरधाव निघालेलं अणूचं केंद्रक दुसऱ्या केंद्रकावर आदळतं, त्यातला एखादा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन निखळतो, आणि निखळलेले आम्ही मोजतो. सैल बसलेले साधारण गणिताप्रमाणे निघतात. घट्ट बसलेले मात्र गणित सांगतं तितके कधीच निघत नाहीत. आज सकाळीही तेच झालं, म्हणून वैतागून लॅबमधून उठून आलो होतो.

"मावशी, जरा जोरात मारा की!" मी उगाच खेकसलो.

"जोरानं काय होतंय, सर? एकमेकाला धरून बसलेत ते."

"अहो, पण दाणे सुटेच असतात ना?" आमच्या गणितात तरी प्रत्येक कण आपल्या जागी सुटाच असतो.

मावशी हसल्या. "सुटे झाले ते पातेल्यात. आत कुठं सुटे होते?"

माझा चहा निवून गेला. पातेल्यातल्या दाण्यांवरून मी इतकी वर्षं डाळिंबाचं गणित मांडत होतो.