मंगळवारच्या अक्का

अक्कांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. जेलच्या बाहेर, कडुनिंबाखाली, कैद्यांना भेटायला, म्हणजे मुलाखतीला, येणाऱ्यांसाठी सिमेंटचे दोन बाक होते. त्यावर जागा असली तरी अक्का फाटकापासून नावनोंदणीच्या खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पुन्हा फाटकापर्यंत चालत राहायच्या. पायांत झिजलेल्या चपला, खांद्याला निळी कापडी पिशवी, कपाळावर भस्माची फिकट रेघ. "बसा की थोडं," असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "बसलं की डोकं चालतंय. त्यापरीस पाय चालल्यालं बरं."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा धाकटा भाऊ नितीन आत जाऊन नऊ दिवस झाले होते. मित्राच्या लग्नाच्या वरातीत भांडण झालं, कुणीतरी चाकू काढला, एक मुलगा दवाखान्यात गेला आणि पोलिसांनी पाच जणांना उचललं. चाकू नितीनचा नव्हता, पण नितीन तिथं होता. वडील नाहीत, आई त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पडलेली नव्हती. उरले मी. सोलापुरात सात रस्त्याजवळ डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी काउंटरवर बसते. डॉक्टरांना "आईला बरं नाही" असं खोटं सांगून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून जेलपाशी आले. हातात डबा होता. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी.

"घरचं आत जात न्हाय," मागून आवाज आला. "आदार कार्डाची झेरॉक्स आणलीस का?"

आणली नव्हती. अक्कांनी मला कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान दाखवलं, रांगेतली माझी जागा धरून ठेवली, फॉर्मवर 'कैद्याशी नाते' या रकान्यापाशी माझा हात थांबला तेव्हा म्हणाल्या, "बहीण लिव्ह. त्यात लाजायचं काय? नातं हाय म्हणून तर आत सोडतेत." माझ्या हातावर निळा शिक्का बसला, मोबाइल जमा झाला. काचेपलीकडे नितीन आला. काचेजवळचा फोन उचलला आणि मी नुसती रडत राहिले. वीस मिनिटं कधी संपली कळलं नाही. बाहेर आल्यावर अक्कांनी तो डबा माझ्या हातातून काढून घेतला, फाटकाजवळच उभ्या उभ्या भाकरी मोडली, अर्धी मला दिली. "खा. तितं रडून काय मिळालं? पयल्या पाच मिंटात रडायचं न्हाय आन् शेवटच्या पाच मिंटात भांडायचं न्हाय. तू घरी जातीस. पोरगं आठवडाभर त्येच घेऊन बसतंय आत."

त्या अक्कलकोटच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावच्या. पहाटेची एसटी धरून दर मंगळवारी यायच्या. घरात कन्नड, बाजारात मराठी. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. त्यांचा एकुलता एक मुलगा मल्लिनाथ दीड वर्षापासून कच्चा कैदी म्हणून आत होता. म्हणजे खटला चालू, निकाल बाकी. त्यानं काय केलं होतं हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती, कारण अक्कांचा नियमच होता, "हितं कुणी काय केलं ते विचारायचं न्हाय. काय खाल्लं ते विचारायचं." काचेपाशी शेजारच्या खिडकीत त्या असल्या की त्यांचं पहिलं वाक्य ऐकू यायचं, "ऊटा आतेन?" जेवण झालं का?

जेल कसं चालतं ते मी वकिलाकडून नाही, अक्कांकडून शिकले. पायजमा नाडीचा नको, इलॅस्टिकचा आणायचा. कोर्टाच्या तारखेला पोलिसांच्या गाडीमागे धावायचं नाही, कोर्टाच्या मागच्या दारापाशी आधीच जाऊन उभं राहायचं. तिथं तोंड दिसतं. पत्र लिहायचं तर मोठ्या अक्षरात, आणि वकिलाचं त्यात एक अक्षर नको, आत आधी साहेब वाचतात. मोबाइलवरूनही मुलाखत घेता येते हे त्यांना स्वतःला जमत नव्हतं, पण माहीत होतं. "तुज्या आईला पोराचं तोंड दाव," म्हणून त्या तीन मंगळवार माझ्या मागे लागल्या. शेवटी मी अर्ज भरला. ठरलेल्या वेळेला मोबाइल डब्यांना टेकवून ठेवला, तर आई ठेवणीतली साडी नेसून, केस विंचरून समोर येऊन बसली. मला हसू आलं आणि मग ते गिळताही येईना.

एका मंगळवारी मात्र मी नितीनशी भांडले. त्या मित्रांबद्दल तो अजून "आमची पोरं" म्हणत होता. "त्या पोरांसाठी आईनं घराबाहेर पडायचं सोडलं," असं मी ओरडले आणि वेळ संपायच्या आत फोन आपटून बाहेर आले. अक्कांनी माझं तोंड पाहिलं. पिशवीतून एक अंतर्देशीय पत्र काढलं. स्वतःला लिहिता येत नसूनही त्या चार-पाच पत्रं कायम जवळ ठेवायच्या, कुणाकुणाकडून लिहून घ्यायला. "लिव्ह. आत्ताच. घरी जाऊन लिवतो म्हनणारे लिवत न्हाईत." मी झाडाला कागद टेकवून लिहिलं. काय लिहिलं ते आठवत नाही. पुढच्या मंगळवारी नितीन म्हणाला, "ताई, पत्र मिळालं," आणि मित्रांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

असं सात-आठ महिने चाललं. मग एकदा अक्का नेहमीपेक्षा जास्त भराभर चालताना दिसल्या. मला बाजूला घेऊन त्यांनी घडी घालून मऊ झालेला कागद पुढे केला. "ह्यात तारीख कुटली हाय, तेवडं सांग."

कोर्टाचं समन्स होतं. राज्य विरुद्ध मल्लिनाथ. मी तारीख सांगितली आणि खाली पाहिलं तर साक्षीदार म्हणून अक्कांचंच नाव होतं. सरकार पक्षाच्या बाजूनं.

"अक्का, हे..."

"व्हय. मीच सांगितलंय पोलिसास्नी." त्या पहिल्यांदा थांबल्या. "दारू पिऊन आल्ता. सुनेला चौकटीवर आपटलं. मी दारात हुते, तंगी. मी बगितलं. ती पडली म्हनून घरचे सगळे सांगतेत, पडली, पडली. ती पडली न्हाय." सून गेली तेव्हा नात गौरी चार वर्षांची होती. ती आता अक्कांपाशीच होती. "उद्या ही पोरगी मोठी होनार. आई कशी गेली म्हनून इचारनार. मी काय सांगू?"

मल्लिनाथ दर मंगळवारी काचेपाशी येत होता तो याचसाठी, हे मला तेव्हा कळलं. अक्का जेवणाचं विचारायच्या आणि तो विचारायचा, काय ठरवलंस?

साक्षीच्या दिवशी मी पुन्हा खोटी रजा घेतली आणि कोर्टात गेले. बाहेर अक्कांचे दीर होते, पांढरे कपडे, हात जोडलेले. "वैनी, येकच पोरगा हाय तुमाला. गेलेली परत येनार हाय का? नीट दिसलं न्हाय, एवडंच म्हना. खोटं बोला म्हनत न्हाय मी." अक्का त्यांच्यासमोरून एकदा गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पुकारा झाल्यावर पदर सारखा केला आणि आत शिरल्या.

साक्ष मोजून अर्धा तास चालली असेल. त्यांनी सगळं सांगितलं. मुलाकडे बघितलं नाही. मल्लिनाथ दोन पोलिसांमध्ये उभा होता, दाढी वाढलेली, अंगानं बारीक. त्याच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, "आजी, तुम्हाला लांबचं नीट दिसत नाही ना?"

"दिसतंय की. तुमच्या मागं भिंतीवर घड्याळ हाय, ते बंद हाय."

कोर्टात कुणीतरी हसलं. अक्का हसल्या नाहीत. शेवटी त्यांनी अंगठा उठवला आणि न्यायाधीशांना विचारलं, "साहेब, जाऊ का?" त्या दारापाशी पोचल्या तेव्हा मागून मल्लिनाथचा आवाज आला. "नीनु नन्न अव्व अल्ल." मला कन्नड येत नाही, पण ते समजायला कन्नड यायची गरज नव्हती. तू माझी आई नाहीस.

बाहेर आल्यावर त्या सरळ चालत सुटल्या. मी मागे. मुख्य रस्ता ओलांडला, रिक्षावाले थांबले, हॉर्न वाजले, तरी त्या थांबेनात. शेवटी एका टपरीपाशी मी त्यांचा हात धरला. "घसा लई वाळलाय," एवढंच म्हणाल्या. चहा घेतला आणि त्यांना एसटीत बसवून मी परतले. मला वाटलं, आता या जेलकडे फिरकणार नाहीत.

पुढच्या मंगळवारी त्या रांगेत माझ्या आधी उभ्या होत्या. फॉर्म भरला. नात्याच्या रकान्यात मी 'आई' लिहिलं. थोड्या वेळानं आतून शिपाई आला. तोही त्यांना ओळखत होता, त्यामुळे त्याला बोलायला जड गेलं. "अक्का, तो येत नाही म्हणतो."

"बरं."

त्याच्या पुढच्या मंगळवारी तेच. आणि त्याच्याही पुढच्या. पाच महिने. अक्का पहाटे निघायच्या, रांग लावायच्या, "येत नाही" ऐकायच्या आणि मग दुपारपर्यंत नव्या आलेल्यांना झेरॉक्सचं दुकान दाखवत फिरायच्या. मला ते बघवेना. एकदा जरा चिडूनच विचारलं, "अक्का, कशाला येता? तो येणार नाही."

"न्हाय आला तर न्हाय. पन आत नाव तर पुकारतेत की. मल्लिनाथ, मुलाकात! त्येला ऐकू जातंय न्हवं?" त्या पुन्हा चालू लागल्या. "मी सोडलं न्हाय, तेवडं त्येला कळाया पायजे."

मी नितीनला विचारलं. दोघं एकाच बरॅकमध्ये होते. तो म्हणाला, "ताई, मंगळवारी सकाळपासून तो नुसता फिरत असतो. नाव पुकारलं की नळावर जाऊन कपडे धूत बसतो, मग ते धुतलेले असले तरी. मागच्या खेपेला त्यानं धुतलेला शर्ट घातला, दारापर्यंत गेला आणि परत आला." मी हे अक्कांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "कुटला शर्ट? चौकड्याचा?" ते मी नितीनला विचारलंच नव्हतं. आठ दिवस मला चुटपुट लागून राहिली की मी नीट का विचारलं नाही.

मग नितीनला जामीन मिळाला. संध्याकाळी फाटकातून बाहेर आला, हातात प्लास्टिकची पिशवी. आई त्या दिवशी पहिल्यांदा उंबरा ओलांडून गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण मंगळवार उजाडला की काउंटरवर माझं चित्त लागेना. पेशंटांचे नंबर चुकायला लागले. तिसऱ्या मंगळवारी मी जेलपाशी गेले. अक्का मला बघून आधी घाबरल्या. "परत धरला का?"

"नाही अक्का. तुम्हाला भेटायला आले."

त्यांचा चेहरा कठोर झाला. "सुटला न्हवं? मग हितं काय करतीस? ह्या दाराची सवय वाईट. जा. भावापाशी बस, त्येला कामाला लाव. हितं यायचं न्हाय परत." आणि मला अक्षरशः दंडाला धरून रिक्षात बसवलं. मला राग आला होता. पण त्यांचं ऐकलं. नितीन आता एका गॅरेजमध्ये काम करतो, त्याचा खटला अजून उभा आहे, आणि कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मी त्याच्याबरोबर जाते.

मल्लिनाथला जन्मठेप झाली आणि त्याला पुण्याच्या मोठ्या जेलमध्ये हलवलं. अक्कांचा फोन आला तेव्हा त्या सोलापूरच्या स्टँडवर होत्या, पुण्याच्या गाडीची वाट बघत. मी दवाखान्यातून धावत गेले. गौरीला तिच्या मामाकडे ठेवलं होतं. अक्का फलाटावर फेऱ्या मारत होत्या. "तितलं काई ठावं न्हाय मला," म्हणाल्या. "खिडकी कुटं, फार्म कुटं. कुनाला तरी इचारीन." जवळजवळ तीन वर्षं दुसऱ्यांना वाट दाखवणारी बाई आता नव्या जागी नवखी होऊन निघाली होती. मी त्यांच्या पिशवीत आधारच्या दहा झेरॉक्स घातल्या. पाया पडू लागले तर त्यांनी मला वर ओढलं, "गाडी लागली, सोड."

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. "न्हाय आला," एवढंच. मग गौरीचं, पावसाचं.

परवा दुपारी दवाखान्यात गर्दी असताना फोन वाजला. मागे कुठल्यातरी स्टँडचा गोंगाट होता.

"तंगी, आज आला."

मी खुर्चीतून उठले. "काय म्हणाला?"

"काय न्हाय. फोन उचलला आन् कानाला लावला. मीच बोलत हुते. गौरीचं फुडचं दोन दात पडलेत, शाळेत नाचात घेतलंय तिला, हिरीला औंदा पानी हाय. ऐकत हुता."

"शेवटपर्यंत?"

"येळ झाली तरी फोन खाली ठेवंना. शिपायानं हातातनं काडून घेतला." मग घाईघाईनं, "गाडी आली बग," आणि फोन बंद झाला.

माझ्यासमोर नंबर लावायला आलेले एक आजोबा केव्हापासून काहीतरी विचारत होते. त्यांनी तेच तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला ऐकू आलं.