राजीनाम्याचा दुसरा अर्थ

कोर्टात जाणं कमी केल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण जन्मभर बोलून खाल्लेलं, तोंडाला आराम कसा पडणार? कर्जतच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी कायद्याची तोंडओळख करून देणारा वर्ग सुरू केला. दर मंगळवारी, कारण येणाऱ्या निम्म्या बायका माथेरानच्या हॉटेलांत कामाला आणि शनिवार-रविवारी त्यांना मान वर करायला फुरसत नसे. पहिल्या मंगळवारी संविधान, दुसऱ्या मंगळवारी गुन्हे, तिसऱ्या मंगळवारी नोकरीचा कायदा. हा क्रम मीच ठरवला होता. तो आठवला की अजून जीव जळतो.

पुढच्या बाकावर डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली एक बाई बसायची. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. रोज डोंगर चढून एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात जायची, बारा वर्षं. कायद्यापुढं सगळे समान, असं मी म्हटल्यावर तिनं विचारलं, "आमचा मॅनेजर धरून?"

"धरून," मी म्हणालो. सगळ्या हसल्या.

त्याच आठवड्यात मॅनेजरनं तिला गिऱ्हाइकांसमोर घाणेरडी शिवी दिली. तिनं सरळ पोलीस ठाणं गाठून तक्रार नोंदवली. दुसऱ्या मंगळवारी तिनं हे वर्गात सांगितलं, तेव्हा मूठभर मांस मला चढलं. त्याच भरात मी कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात ते शिकवलं. तडजोड हा साधा शब्द पुरला असता. पण मला जुन्या कागदांतल्या शब्दांची भारी हौस. "जुने लोक याला राजीनामा म्हणत," मी ऐटीत सांगितलं. "दोघं राजी, म्हणून राजीनामा." फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंसुद्धा. नोकरी सोडतानाच्या कागदालाही हेच म्हणतात, ते सांगायचं राहिलं. ते पुढच्या मंगळवारी येणारच होतं.

पुढच्या मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी आली. हातात कागदाची झेरॉक्स.

"मिटलं, साहेब! राजीनामा झाला. मॅनेजरनी खुर्ची दिली, चा पाजला. मीबी तक्रार मागं घेतली. आज सुट्टी घे म्हनाला, उद्या जाते कामावर."

मी कागद वाचला. वर 'राजीनामा'. खाली, मी स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय हा राजीनामा देत आहे, माझी कुणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. त्याखाली तिची वळणदार सही.

हा तर नोकरी सोडल्याचा कागद होता. आणि भरल्या वर्गात मी काय बोललो? "अहो ताई, सही करण्याआधी कागद नीट वाचायला नको?"

"वाचला ना. अक्षर न् अक्षर वाचला. फळ्यावरचाच शब्द हाय."

मग मी तिला दुसरा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "त्यो राजीनामा मंत्री देतात, साहेब. आमी तर काम सोडलं की जायचं बंद करतो. कागद कोन लिवतं?"

शेजारची बाई म्हणाली, "काय गं, तुला एवढं बी कळलं नाय?" तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की चूक तिची नाही, माझी आहे. मी खडू शोधत राहिलो. त्या दिवशीचा नोकरीचा कायदा मी काय शिकवला, ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला हॉटेलच्या फाटकातूनच परत पाठवलं. मी तिला निरोप धाडून घरी बोलावलं. फसवून घेतलेला राजीनामा रद्द करून घेता येतो, मी फुकट लढेन, असं सगळं घडाघडा बोललो. माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं. मला तिचा वकील नेमणारा, माझ्या नावाचा छापील कागद तिच्यापुढं सरकवला, सहीची जागा दाखवली आणि हातात पेन दिलं.

या वेळी तिनं खूप वेळ घेतला. पहिल्याच ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर सुटं करत वाचलं. "व-का-ल-त-ना-मा." बोट तिथंच थांबलं.

"ह्यो बी नामाच ना, साहेब?"

मी हो म्हणालो. तिनं पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्यापुढं ठेवलं.