काकडीवर चटावलेला सकर मासा

आमच्या फिश टँकमध्ये पहिली गोगलगाय मी सोडली, आणि मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. ही दोन वाक्यं एकत्र वाचून माझ्या काही विद्यार्थ्यांना आनंद होईल. तो त्यांनी घ्यावा.

टँक आला सासऱ्यांसाठी. अण्णा साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले आणि सासूबाईंना घेऊन नगरला आमच्याकडे राहायला आले. जन्मभर कामगारांची हजेरी घेतलेला माणूस. घरात कोणाची हजेरी घ्यावी कळेना, आणि बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, मासे बघत बसा, मन शांत होतं. पुण्याच्या नणंदेने लगोलग टँक पाठवला. माशांना उजेड हवा म्हणून मी तो हॉलच्या खिडकीत, देव्हाऱ्याला लागून मांडला. (उन्हात शेवाळ जोमाने वाढतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.) काही दिवसांतच काच इतकी हिरवी झाली की आत मासे आहेत हे विश्वासावर धरायचं. अण्णा समोर खुर्ची टाकून बसायचे आणि सावली हलली की विचारायचे, "सूनबाई, हा कोणता गेला?" बीपी आणखी वाढलं.

काच घासायची सोडून मी जाहीर केलं की निसर्गात यावर उपाय असतो. शेवाळ खाणारा प्राणी आणायचा. आमच्या ह्यांनी 'मला मासे कळत नाहीत' अशी भूमिका पहिल्याच दिवशी घेतली आणि शेवटपर्यंत निभावली.

मी गोगलगाय आणली. एकच. सासूबाईंना शंका आली की ही वाढली तर? मी त्यांना खडू न घेता पूर्ण तास घेतला आणि पटवून दिलं की एकट्या जिवाची संख्या वाढत नाही. ती गोगलगाय माझ्या तासाला बसली नव्हती. बहुधा दुकानातूनच संसार पोटात घेऊन आली होती. हळूहळू काचेवर मोहरीएवढे ठिपके दिसू लागले, ठिपक्यांना शिंगं फुटली, आणि एका सकाळी पूजा करताना सासूबाईंनी शांतपणे मला हाक मारली. म्हणाल्या, "अगं, आपला शंख चालतोय."

शंख जागेवरच होता. शेजारी दुसरा होता, तो निरांजनाकडे निघाला होता.

मग मी अन्नसाखळीचा आधार घेतला. गोगलगायींना खाणारे, तळाशी राहणारे लोच नावाचे पट्टेरी मासे आणले. त्यांनी गोगलगायींचा फडशा पाडला. गोगलगायी संपल्या आणि शेवाळ परत आलं. अन्नसाखळी अशीच चालते, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण घरात कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

तेव्हा मी सकर आणला. तोंडाने काचेला चिकटून शेवाळ ओरबाडणारा काळा, काटेरी मासा. दुकानदाराला मी विचारलं की हा मोठा होतो का, तर नाही म्हणाला. लहानच राहतो का, तर हो म्हणाला. (मी काहीही विचारलं असतं तरी त्याने मला हवं तेच सांगितलं असतं, हे मला घरी आल्यावर जाणवलं.)

सकर आला आणि अण्णांचं आयुष्य बदललं. त्यांना कामगार मिळाला. सकाळी अंघोळ करून ते टँकसमोर हजर. सकर काचेला चिकटला की कामावर, दगडामागे गेला की गैरहजर. पण दिवसभर दगडामागे बसायची त्याची सवय पाहून अण्णांना वेगळीच काळजी लागली. उपाशीपोटी कोण काम करील? त्यांनी काकडीची चकती टाकली. सकरने ती सालासकट संपवली. दुसऱ्या दिवसापासून त्याने शेवाळाकडे पाहणंही सोडलं. अण्णा काकडी चिरायला बसले की तो समोरच्या काचेला येऊन चिकटायचा आणि दोघं एकमेकांकडे बघत राहायचे. अण्णांचं बीपी उतरलं. डॉक्टर माझं कौतुक करायला लागले.

इकडे लहान राहणारा तो मासा वाढतच गेला. आधी मिरचीएवढा, मग गाजराएवढा, मग भरताच्या वांग्याएवढा. वळताना त्याच्या शेपटीने टँकमधली रोपं उपटली जायची. शेवाळ होतं तिथेच, वर त्याची घाण. शेवटी मीच ठरवलं की याला पारनेरला माझ्या भावाकडे सोडायचं. त्याच्या गोठ्याजवळचा हौद शेवाळाने भरलेला असतो. अण्णांनी त्या दिवशी सकरला एक काकडी जास्त चिरली. मग म्हणाले की बदलीची जागा मी स्वतः बघणार.

तर सकर झाकणाच्या बादलीत, बादली माझ्या पायाशी आणि अण्णा खिडकीशी, असे आम्ही एसटीने निघालो. वाटेत बादलीतून धडाधड आवाज यायला लागले. कंडक्टरने विचारलं, "बाई, आत काय हाय?" मी म्हटलं, मासा आहे, शेवाळ खातो. इतक्यात ड्रायव्हरने समोरच्या शेळीसाठी ब्रेक दाबला. बादली आडवी झाली, झाकण एकीकडे गेलं आणि सकर पाण्याबरोबर मधल्या वाटेने थेट ड्रायव्हरपर्यंत पोचला. मागून कोणीतरी मगर म्हटलं. निम्मी एसटी सीटवर चढली. सर्वांत आधी चढले ती मी.

अण्णा मात्र वाकून त्याच्यामागे निघाले. बीपीचा पेशंट असा वाकलेला पाहून मी त्यांना वाकू नका म्हणून ओरडले, तेही सीटवरूनच. एका म्हातारीने आपलं गाठोडं सोडून टॉवेल काढला, माशावर टाकला आणि उचलून बादलीत घातला. मग लोकांनी आपापल्या बाटल्यांतलं पाणी ओतलं. माझ्याकडे बघत म्हातारी म्हणाली, "उतर आता खाली, पोरी. तुजाच हाय न्हवं?"

पारनेरला भावाने हौद दाखवला. कडेकडेने हिरवंगार, लुसलुशीत शेवाळ. सकरला सोडलं, तो कोपऱ्यात जाऊन बसला. आम्ही जेवून आलो, तो तिथेच. भाऊ म्हणाला, "ताई, हा शेवाळ खातो हे याला माहीत आहे का?" अण्णा हौदाच्या कडेला बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून काकडी. चकती पाण्याला लागताच सकर कोपरा सोडून धावत आला. अण्णांचे डोळे भरले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बदली रद्द."

येताना भावाने आम्हाला जीपने सोडलं.

टँक खिडकीतून हलवावा, असं मी सुचवून पाहिलं. अण्णांनी नाही म्हटलं, सकरला सकाळचं ऊन मानवतं म्हणे. त्यामुळे आता दर रविवारी मी पदर खोचून जमिनीवर बसते, बाही वर करते आणि खालपासून वरपर्यंत काच घासते. परवा अण्णा फोनवर नणंदेला सांगत होते की शेवाळाला शेवटी बरोबर प्राणी सापडला. तळाशी बसतो, एक ठिपका ठेवत नाही आणि काकडीही मागत नाही. नणंदेने कौतुकाने फोटो मागवला. अण्णांनी पाठवला.

फोटोत मी होते.