पिचकाऱ्यांची वही

चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे रंगवलेले बंपर तपासायचं काम मी सोळा वर्षं करते आहे. डोक्यावर ट्यूबलाइटची रांग असते, समोरून बंपर सरकत जातो. त्यावर रंगाचा ओघळ, धुळीचा कण किंवा बुडबुडा दिसला की तिथे स्टिकर लावायचा. दिवसभर डाग शोधून शोधून आम्ही बायका चिडचिड्या होतो असं कुणाला तरी वाटलं असावं, कारण एका शनिवारी कँटीनमध्ये मन शांत ठेवायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या आणि आम्हाला प्रत्येकीला एक कोरी चित्रांची वही आणि बारा रंगांचा डबा मिळाला.

"रोज दहा मिनिटं काढा. ज्यातून आनंद मिळेल अशी एकच गोष्ट रेखाटा. मन कसं फुलासारखं होईल."

त्यांचा आवाज साखरेच्या पाकासारखा होता. मला तो सहन झाला नाही, पण वही आवडली. जाड, किंचित खरबरीत कागद. घरी आणून मी आठवडाभर सांगितल्याप्रमाणे केलं. गुलाब काढला, तुळस काढली, दोन डोंगर आणि मध्ये सूर्य काढला. आठव्या दिवशी सगळी पानं उलटून पाहिली आणि मला स्वतःची शिसारी आली. इतकं गोडगोड, इतकं गुळगुळीत. आमच्या घरात गुलाब नाही. तुळस आहे, पण तिची अर्धी पानं किडीने खाल्लेली आहेत आणि मी काढलेली तुळस कॅलेंडरवरची होती. सोळा वर्षं डोळ्यांवर पगार घेणारी बाई न बघता चित्रं काढत होती.

वही कपाटात गेली. ती पुन्हा बाहेर आली ती एका मंगळवारी.

आम्ही तळेगावला स्टेशनकडच्या भागात एका चार मजली इमारतीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून, भाजी घेऊन मी जिना चढत होते. एका हातात दोन पिशव्या, खांद्याला डबा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तोल गेला म्हणून मी भिंतीला हात टेकला. तळव्याला काहीतरी गार, चिकट लागलं. पाहिलं तर गुटख्याची ताजी पिचकारी. हाताच्या रेषांमध्ये लाल पाणी उतरलेलं आणि अंगठ्याच्या मुळाशी सुपारीचा चावलेला तुकडा.

मी पिशव्या तिथेच टाकल्या. घरी जाऊन साबणाने चार वेळा हात धुतला, मग लिंबू चोळलं, मग राख मिळेना म्हणून भांड्यांची पावडर लावली. तरी हात नाकाशी नेला की तो गोडसर, कुजका वास येत होता. नवरा पाळीवरून येऊन, डबा ठेवून पुन्हा बाहेर गेला होता. मुलगी ताथवड्याच्या कॉलेजातून आली नव्हती. कुणाला सांगावं ते कळेना. मग मी वही आणि रंग घेतले, खाली वळणावर गेले, वरच्या पायरीवर बसले आणि तो डाग काढला.

का काढला ते मला आजही नीट सांगता येत नाही. थोबाडीत मारायला समोर कुणी नव्हतं, एवढंच. पण अर्ध्या तासाने मान वर केली तेव्हा पान भरलं होतं, आणि ते बरोबर आलं होतं. मधला दाट गोळा, वर उडालेले शिंतोडे, खाली उतरलेले तीन ओघळ, त्यातला एक मध्येच थांबून टोकाशी फुगलेला. मी आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट जशी आहे तशी कागदावर उतरवली होती. किळस गेली नव्हती आणि त्याच वेळी इतकं छान वाटत होतं की मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर मी रोज जिन्यात बसू लागले. आमच्या जिन्याला सहा वळणं, म्हणजे बारा कोपरे. त्यातले नऊ रंगलेले. गुटख्याला बंदी आहे म्हणतात, पण कोपऱ्यावरच्या टपरीवर मागितला की मिळतो आणि आमच्या भिंतीवर येतो. हळूहळू मला कळायला लागलं की लाल डाग एकाच रंगाचा नसतो. ताजा असतो तेव्हा विटकरी आणि ओला चमकदार. दुसऱ्या दिवशी कडा काळ्या पडतात आणि मधला भाग फिका होतो. आठवड्याने तो जुन्या गंजासारखा दिसतो. पान खाणाऱ्याच्या थुंकीत चुन्याचे पांढरे कण राहतात. नुसत्या तंबाखूचं पाणी पिवळट तपकिरी असतं. डब्यातले बारा रंग पुरेनात, म्हणून मी मुलीच्या जुन्या डब्यातला गेरूसारखा रंग घेऊन त्यात किरमिजी मिसळायला शिकले. रोज पानाखाली तारीख आणि मजला लिहायची, कामाची सवय म्हणून.

जवळून पाहिलं की घाण वाटेनाशी होते असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. मला जास्तच घाण वाटू लागली. आधी नुसती 'शी' होती, आता मला त्या 'शी'चा प्रत्येक थेंब दिसत होता. पण कामावरून परतताना मी त्या अर्ध्या तासाची वाट पाहायची. बसमध्ये बसल्या बसल्या विचार करायची, तिसऱ्या मजल्यावरचा ओघळ आज किती खाली आला असेल.

"आई, लोक फुलं काढतात," मुलगी म्हणाली.

"काढू दे," मी म्हटलं.

एकदा सोसायटीचे चेअरमन जिना उतरताना माझ्यामागे येऊन थांबले. आमची इमारत ज्यांच्या शेतात उभी राहिली त्या घरातले ते, जुने गावकरी. त्यांनी वही मागून घेतली आणि पानं चाळली.

"वैनी, ह्ये तर फोटोवानी हाय. आन् तारखा बी लिहिल्यात व्हय? रविवारी मीटिंगला घेऊन या. कोण थुकतंय त्याचा छडा लावायचाय आमाला."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण चित्र पाहून कुणी पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. माझी वही हातोहात फिरली. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यांजवळून मुकाट ये-जा केली, ते कागदावरचे डाग पाहून नाकाला रुमाल लावत होते. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तर बोट जिभेला लावून लावून पानं उलटली. थुंकीच्या चित्रांवर त्यांची खरी थुंकी लागत होती आणि मी ते बघत उभी होते.

छडा पाच मिनिटांत लागला. कुणीतरी म्हणालं, वॉचमन तंबाखू खातो. सगळ्यांनी माना डोलावल्या. वॉचमन म्हणजे नांदेडकडून आलेले साठीचे गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते गेटपाशी खुर्चीवर बसले होते, त्यांना बोलावलं.

"मी तंबाखू खातो, खोटं कशाला बोलू," मामा म्हणाले. "पण तंबाखूचं पानी असं लाल नसतंय. आन् माझे गुडघे तिसऱ्या मजल्यापस्तोर जात न्हाईत, तुमाला ठावं हाय."

"मामांचं बरोबर आहे," मी म्हटलं. "रंग बघा. हा काताचा रंग आहे, हा गुटखा आहे. वहीत पिवळा डाग एकच आहे आणि तो गेटजवळचा आहे."

"वैनी, रंगावरून कुठं माणूस कळतो व्हय," चेअरमन म्हणाले आणि मामांना नोकरी सोडायला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. शिवाय ठरलं की सगळ्या कोपऱ्यांत देवांची चित्रं लावायची, म्हणजे थुंकायला कुणी धजणार नाही. वहिनींचा हात चांगला आहे, त्यांनीच भिंतीवर रंगवावीत. टाळ्या वाजल्या. मी वही घेऊन वर आले.

मामांची बाजू पक्की करायची म्हणून मी त्या दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून पहिल्या पानापासून तारखा पाहू लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे ताजे डाग वेगळ्या कागदावर उतरवले. एक गोष्ट लगेच दिसली. एक आठवडा डाग कडा सुकलेले, म्हणजे सकाळचे, पुढचा आठवडा ओले, म्हणजे संध्याकाळचे, असं आलटून पालटून चाललं होतं. शिफ्टला जाणारा माणूस. आमच्या इमारतीत असे दहा-बारा तरी आहेत. मग मला मध्ये एक रिकामी जागा दिसली. सलग नऊ दिवस त्या दोन मजल्यांवर एकही नवा डाग नव्हता. त्या नऊ दिवसांत माझा नवरा गावी, त्याच्या आत्याच्या आजारपणात गेला होता.

मी त्या कागदाकडे किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक. दोन वर्षांपूर्वी त्याच्या तोंडात पांढरे चट्टे आले होते, तोंड नीट उघडेना, तेव्हा डॉक्टरांनी दम भरला होता आणि त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गुटखा सोडला होता. तेव्हापासून घरात बडीशेप यायची, पाकिटावर पाकीट. गाडी नीट लावली का बघून येतो म्हणून तो खाली जायचा. मी बंपरवरचा टाचणीच्या टोकाएवढा डाग दहा सेकंदांत पकडते, आणि ज्या तोंडाशेजारी रोज झोपते ते मला दिसलं नव्हतं. त्या मंगळवारी माझ्या हाताला जे लागलं होतं ते घरचंच होतं. मी उठून पुन्हा हात धुतला.

तो उठून चहा प्यायला आला तेव्हा मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने एकेक पान शांतपणे उलटलं. एका पानावर थांबला.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "यात चुना आहे. मी पान खात नाही."

"बाकीची?"

तो पुढची पानं बघत राहिला. चहावर साय धरली.

"बाकीची असतील," तो म्हणाला. मग, अगदी मनापासून, "रंग मात्र हुबेहूब आलाय गं."

मला तिथल्या तिथे ओकारी आली असती. आणि खरं सांगायचं तर त्या एका वाक्याने मला आतून बरंही वाटलं, कारण माझ्या रंगाची पारख असणारा दुसरा कोण होता. या गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

"मामांची नोकरी चालली आहे. चेअरमनना जाऊन सांगा," मी म्हटलं.

"चारचौघांत? मुलीचं उद्या लग्न जमवायचंय. काहीही बोलतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस यायच्या आधी मीच चेअरमनच्या दारात गेले. म्हटलं, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचं आमच्या घरातलं आहे, मामांना काढू नका, आणि देव मी रंगवणार नाही, देवांना थुंकीच्या पहाऱ्यावर बसवायला माझा हात उठणार नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं. पिचकाऱ्या पाहूनही त्यांनी असं तोंड केलं नव्हतं.

"वैनी, घरातली गोष्ट अशी दारोदार सांगत्यात व्हय? आमी काय ऐकलं न्हाई. मामाला ऱ्हाऊ द्या म्हणता तर ऱ्हाऊ द्या."

मामांना सांगायला मी गेटवर गेले. म्हटलं, तुमचा दोष नव्हता, ते आमच्या यांचं होतं. मामा खाली बघत म्हणाले, "मला ठावं होतं, ताई. वर जाताना तोंड भरलेलं असायचं, उतरताना रिकामं."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"तुमी समोर उभ्या होत्या. तुमच्या तोंडावर कसं बोलू?"

महिना संपायच्या आत ते स्वतःहून ताथवड्याच्या एका नव्या इमारतीवर कामाला लागले. थुंकणारा म्हणून घेतल्यावर मला इथं बसवत नाही, एवढंच बोलून गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी मी नवऱ्याच्या हातात तारेचा ब्रश आणि फिनेलची बादली दिली. भर सकाळी, सगळे घरी असताना. तो चिडला, बडबडला, पण माझा चेहरा पाहून खाली गेला. नाकाला रुमाल बांधून तो स्वतःचेच डाग घासत होता आणि दर दोन मिनिटांनी शी, शी म्हणत होता. मी वरच्या पायरीवर बसून त्याची पाठ काढत होते. समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून सोसायटी चालते." त्याने रुमालाआडून मान हलवली. मी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

चेअरमननी शेवटी पिंपरीच्या बाजारातून देवांच्या टाइल्स आणून कोपऱ्यांत बसवल्या. आता लोक टाइलच्या बरोबर खाली थुंकतात. देवाच्या पायाखाली ओघळ सुरू होतो. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मला काढवेना, मी तशीच वर निघून आले.

नवऱ्याने गुटखा पुरता सोडला असं मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही. तो सोडला म्हणतो. मी त्याला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी महिन्यातून एकदा यायला सांगितलं आणि घरीही लक्ष ठेवा म्हणाल्या. म्हणून रविवारी सकाळी तो खिडकीशी स्टुलावर बसतो, तोंड उघडतो आणि मी एका हातात बॅटरी धरून आतला गाल काढते. दात तपकिरी, हिरडी फुगलेली, गालाच्या आत साबणाच्या फेसासारखा पांढरट पट्टा. वास येतो. मी श्वास धरून काढते. मागच्या खेपेला डॉक्टर बाईंनी तीन महिन्यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवली, पट्ट्याच्या कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, इथे कमी झालाय, इथे नाही.

ती दुसरी वही आहे, अर्धी भरली. नवऱ्याने ती आजवर एकदाही उघडून पाहिलेली नाही.