एका लाल ठिपक्याची चौकशी

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पहिल्याच फटक्यात नीट चाललेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. नागपूर सोडून बंगळुरूला आल्यापासून तर मी ताकही फुंकून पितो. बायको म्हणते, नशीब माझं, लग्नाआधी मला टेस्टिंगला नाही लावलंत.

मुलगी बारावीत होती. डिझाइनच्या कॉलेजला जायचं म्हणून दर रविवारी सर्जापूर रोडवरून थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाला, एका अक्कांकडे शिकायला जायची. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर. अक्का शिकवायच्या काय, तर काळ्या कागदाचा मोठा चौकोन आणि एक लाल ठिपका पांढऱ्या कागदावर असे चिकटवा, की कागद कुठेही कलंडल्यासारखा वाटू नये. तीन आठवडे एवढंच.

चौथ्या आठवड्यात मुलीने कागद आणून दाखवला. चौकोन खाली डाव्या कोपऱ्यात रेटलेला, ठिपका पार वर उजवीकडे, मधली सगळी जागा मोकळी. माझ्या मते तो एका बाजूला झुकायलाच हवा होता. झुकत नव्हता. एवढासा ठिपका त्या धटिंगण चौकोनाला पुरून उरत होता. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हे हिला जमलं कसं?

ती म्हणाली, दोन दिवस ठिपका नुसता सरकवत होते. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तिला न सांगता तो कागद घेऊन येलहंका गाठलं. अक्कांना सरळच विचारलं, यात तुमचा हात किती?

अक्कांनी कागद भिंतीला टेकवला. "मी हात नाही लावला. तुम्ही स्वल्प लांब उभे राहून बघा की."

लांब उभा राहिलो. मनात आलं, याही तिला सामील असतील. संध्याकाळी मुलीपुढे कोरा कागद, कात्री आणि गोंद ठेवला आणि म्हणालो, माझ्यासमोर कर.

तिने कात्री उचलली. या वेळी चौकोन वर गेला. ठिपका ती बराच वेळ सरकवत राहिली. शेवटी खाली एका जागी चिकटवला. कागद तिळभरही झुकला नाही. मला लाज वाटली. मी कात्री आणि गोंद आवरायला लागलो.

"झाली खात्री?" तिने विचारलं.

तिला प्रवेश मिळाला. आता हॉस्टेलवरून ती चित्रं पाठवते, आणि प्रत्येक चित्रासोबत ते काढतानाचा व्हिडिओ. मी तो कधीच मागितला नव्हता. परवा म्हटलं, अगं, व्हिडिओ नको पाठवत जाऊस. तर म्हणाली, "असू दे, बाबा."